दहापैकी दहा

"हिच्यासाठी कोण सांगेल? वन ॲडजेक्टिव्ह. चला, पटकन."

मी फळ्याला पाठ लावून उभी होते. चौथीत होते. शनिवार होता, म्हणजे पांढरा गणवेश. माझा शर्ट पांढरा नव्हता.

विशेषण शिकवायची आमच्या मिसची ही पद्धत होती. एकेका लेकराला पुढं बोलवायचं. त्याच्या डोक्यामागं खडूनं मोठा गोल काढायचा. मग वर्गानं त्याच्याविषयी एकेक शब्द सांगायचा आणि मिसनं तो त्या गोलात लिहायचा. "ॲडजेक्टिव्ह म्हणजे काय? लोक तुला जसं म्हणतात ते," मिस सांगायच्या. आम्हाला हा खेळ वाटायचा. म्हणजे ज्यांचा नंबर होऊन गेला होता त्यांना.

माझ्या आधी डॉक्टरांचा मुलगा उभा होता. टॉल, स्मार्ट, ब्रेव्ह. त्याच्या आधी कृषी केंद्रवाल्यांची मुलगी. ब्यूटिफुल, फेअर, स्वीट. तिच्या गोलात जागा पुरली नाही, मिसनं बाहेर लिहिलं.

माझा गोल रिकामा होता. पंखा कुरकुरत होता.

मग दुसऱ्या बाकावरून आवाज आला. "डर्टी."

थोडे हसले. फार नाही. मिस हसल्या नाहीत. मिस म्हणाल्या, "स्पेलिंग?"

त्यानं स्पेलिंग सांगितलं.

"करेक्ट. सिट डाऊन."

आणि त्यांनी लिहिलं. माझ्या डोक्यामागं खडू वाजला. मला तो शब्द दिसत नव्हता. तो वाचणारी सत्तावीस-अठ्ठावीस तोंडं दिसत होती.

"यलो," आणखी कुणी म्हणालं. खडू वाजला.

तिसरा शब्द माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं सांगितला. ती वाईट नव्हती. तिला फक्त उत्तर द्यायचं होतं. "मिस, फ्री. ती फ्रीमधे आहे ना."

मिस जरा थांबल्या. मनात तपासून पाहिलं असावं. मग म्हणाल्या, "यस. फ्री इज ऑल्सो ॲन ॲडजेक्टिव्ह. व्हेरी गुड."

व्हेरी गुड तिच्यासाठी होतं.

फ्री म्हणजे काय ते सांगते. खाजगी शाळेत चारातली एक जागा आमच्यासारख्यांच्या लेकरांना फुकट द्यायची, असा कायदा आहे. आरटीई म्हणतात. माझं नाव सोडतीत निघालं. आबा नेट कॅफेवर तीन वेळा गेले तेव्हा कुठं प्रवेशाचा कागद हातात आला. शाळेच्या हजेरीपटावर आम्ही शेवटी होतो. वर ए पासून झेडपर्यंत सगळी नावं, आणि झेडच्या खाली पुन्हा ए पासून आम्ही. माझं आडनाव वाचताना मिस अर्धा श्वास थांबायच्या. दर दिवशी. मी मोजत नव्हते, पण मला कळायचं.

आणि शर्टाचं. आबा हळद शिजवतात. आमच्या भागात माघ-फाल्गुनात हळद निघाली की शेताशेतावर बॉयलर फिरतो, त्यावर आबा असतात. शिजवायची, वाळवायची, मग ढोलात घालून पॉलिश करायची. दोन-तीन महिने आबा नखापासून कानापर्यंत पिवळे. शुक्रवारी संध्याकाळी आईनं माझा पांढरा शर्ट त्यांच्या कपड्यांच्याच बादलीत भिजवला. बादली एकच होती. हळदीला साबण लागला की ती आधी लाल होते, हे हळदीच्या घरातल्यांनाच माहीत. शर्ट लाल झाला, आई घाबरली, मग घासून घासून तो पिवळा झाला. "उन्हात टाकला की उडून जातं माय," आई म्हणाली. खरं आहे, उन्हात हळद उडते. पण शनिवारची शाळा सकाळची असते. ऊन यायच्या आत मी शर्ट घालून निघाले.

हे मला इंग्रजीत सांगता आलं नसतं. मराठीत कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी गृहपाठ होता. आपापल्या गोलातले शब्द घ्यायचे आणि स्वतःविषयी दहा वाक्यं लिहायची. बाकीच्यांकडे शब्द भरपूर होते. माझ्याकडे तीन. तेच फिरवून फिरवून मी दहा वाक्यं केली. आय ॲम अ डर्टी गर्ल. माय शर्ट इज यलो. आय ॲम अ फ्री स्टुडंट. पुढं आय हॅव अ डर्टी शर्ट. असं दहापर्यंत.

सोमवारी वही परत आली. दहा वाक्यांवर दहा लाल खुणा. खाली दहापैकी दहा. त्याखाली गुड, आणि गुडखाली रेघ.

एकही चूक नव्हती. खरंच नव्हती. 'अ' कुठं, 'ॲन' कुठं, विशेषण नामाच्या आधी, सगळं जिथल्या तिथं.

आबांनी वही पाहिली. आबा सहावीपर्यंत शिकलेले, मराठी चांगलं वाचतात. इंग्रजी येत नाही. पण लाल खुणा मोजता येतात.

"दहापैकी दहा? काय लिवलंस गं माय?"

मी म्हणाले, "मी चांगली मुलगी आहे, असं."

"आन् बाकी?"

"माझा शर्ट छान आहे. असंच सगळं."

आबा वही घेऊन हळदीच्या शेडवर गेले. तिथल्या माणसांना दाखवली. परत आली तेव्हा पानाच्या कोपऱ्यावर त्यांच्या अंगठ्याचा पिवळा ठसा होता. नंतर ती वही पत्र्याच्या पेटीत गेली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्ड आणि जातीच्या दाखल्यासोबत. घरातले महत्त्वाचे कागद तिथंच असतात.

आबांना इंग्रजी येत नाही, ही गोष्ट त्या दिवशी मला फार सोयीची वाटली. हे मी लपवून ठेवणार नाही. ह्या लिखाणात मिसपेक्षा मला त्याचीच जास्त लाज आहे.

पुढची वर्षं मी त्या शाळेत बोललेच नाही म्हटलं तरी चालेल. उत्तर येत असलं तरी हात वर करायचा नाही. हात वर केला की लोक बघतात, आणि बघितलं की शब्द सुचतो त्यांना. मी मुळातच लाजाळू आहे. सगळं शाळेनं केलं असं मी म्हणणार नाही. आई मला घुमी म्हणते, लहानपणापासून. पण घुमी म्हणताना आईचा हात माझ्या डोक्यावर असतो.

वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तक मिळायचं. त्यात खाली एक रकाना, रिमार्क्सचा. दर वर्षी माझ्या रकान्यात एकच ओळ. क्वायट अँड ओबिडियंट चाइल्ड. मिस बदलल्या, अक्षर बदललं, ओळ तीच. आबा विचारायचे आणि मी सांगायचे, "शांत आणि गुणी मुलगी." ओबिडियंट म्हणजे गुणी नव्हे. सांगितलं ते निमूट करणारी. मला माहीत होतं. तरी गुणी सांगायचे.

आणि खरं सांगायचं तर मला त्या दोन शब्दांचा आधार होता. कुणीतरी मला नीट पाहिलं आहे असं वाटायचं. डर्टीवरून पाणी फिरवल्यासारखं. मी शांत आहे, मी ऐकते, म्हणजे मी तशी वाईट नाही.

आठवीनंतर फुकट संपतं. नववी-दहावी मी दुसरीकडे केली, बारावी झाली, आता कॉलेजला नाव आहे. गेल्या वर्षी त्याच शाळेतून फोन आला. तिसरीच्या मिस मधेच सोडून गेल्या होत्या. मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "आपली जुनी स्टुडंट आहेस. इंग्लिश चांगलं आहे तुझं. आणि शांत मुलगी आहेस, मला आठवतं."

मी गेले. मला काम हवं होतं. आणि कुठंतरी असंही वाटलं होतं की त्या फळ्याकडे तोंड करून एकदा उभं राहावं.

विशेषण शिकवायची वेळ आली तेव्हा मी कुणाही लेकराला उभं केलं नाही. टेबलावर वस्तू मांडल्या. वीट. कुलूप. आबांनी दिलेली ओल्या हळदीची गाठ. म्हणाले, "हात लावा, वास घ्या, मग शब्द सांगा."

हळदीपाशी आल्यावर सगळा वर्ग ओरडला, "यलो!"

सृष्टी मागच्या बाकावरून उठली. साखरा गावची. रोल नंबर चौतीस. म्हणजे झेडच्या खालची. तिनं गाठ उचलली, उलटीसुलटी केली, शर्टाला पुसली.

"मिस, ही तर मातीसारखी दिसून राहिली. यलो कुठंय?"

"आतून असते," कुणीतरी म्हणालं.

"तू फोडून बघितली का? मग यलो कोण म्हणलं?"

वर्ग हसला. मीही हसले. मग ती गाठ आम्ही विटेनं फोडली. आत केशरी होती. पिवळी नव्हती, केशरी. अर्धा तास त्या रंगाला काय म्हणायचं यावर भांडण. शेजारच्या वर्गातल्या मॅडमनी येऊन दार लावलं.

त्या दिवशी मी घरी चालत आले. बस सोडून दिली मुद्दाम. मला चौथीतली मी आठवत होते, आणि असलं विचारायला मला कुणी शिकवलं नव्हतं. यलो कोण म्हणलं? डर्टी कोण म्हणलं? मी फक्त स्पेलिंग ऐकत उभी राहिले होते.

एप्रिलमध्ये प्रगतिपुस्तकं भरायची आली. मोठ्या मॅडमनी दोन कागद दिले. एकाला एक टाचलेले. जुन्या टायपिंगच्या झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरांची पोटं शाईनं भरलेली.

"रिमार्क्स ह्याच्यातूनच घ्यायचे. स्वतःचं डोकं लावायचं नाही, स्पेलिंगच्या चुका होतात. पहिलं पान रोल नंबर एक ते एकतीस. बत्तीसपासून पुढं दुसरं पान."

पहिल्या पानावर होतं ब्रिलियंट, कॉन्फिडंट, क्रिएटिव्ह, बॉर्न लीडर. आणखी बरंच, खालपर्यंत.

दुसऱ्या पानावर सहा ओळी होत्या. पोलाइट, रेग्युलर, हेल्पफुल, क्लीन असं काहीबाही. पहिलीच ओळ होती क्वायट अँड ओबिडियंट चाइल्ड.

मी ती ओळ बघत बसले. आठ वर्षांची आठ प्रगतिपुस्तकं माझ्या डोळ्यांसमोर होती. आणि माझ्या हातात तो कागद.

तरी मन मानेना. वाटलं, मी होतेच शांत. माझ्यापुरतं खरं असेल. म्हणून शीतलला फोन लावला. शीतल माझ्याच वर्गात, माझ्यासारखीच फ्रीवाली, आता हिंगोलीला नर्सिंग करते. तिच्या बोलण्याला अख्खी शाळा कंटाळलेली.

"शीतल, तुझ्या प्रगतिपुस्तकात रिमार्क काय होता गं?"

"काहून? लग्नाचं स्थळ आलं का काय माझ्यासाठी?"

"बघ ना. आहे का जवळ?"

"घरी हाय. पण मला पाठ हाय की. क्वायट अँड ओबिडियंट." ती खो खो हसली. "अगं, मी अन् क्वायट! पाचवीत त्या बाईनं माझ्या तोंडाला चिकटपट्टी लावली व्हती. ध्यानात हाय का तुला? आन् त्याच साली लिवलं, क्वायट. मला वाटलं पट्टी लावल्यावर झाले आसंल मी क्वायट."

मी हसले नाही.

"काय झालं गं? रडून राहिली काय?"

"नाही," म्हणाले आणि फोन ठेवला.

रडत नव्हते. राग येत होता आणि तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. मला कुणी पाहिलंच नव्हतं. आठ वर्षांत एकदाही नाही. डर्टी म्हणणाऱ्या पोरानं निदान माझ्या शर्टाकडे बघितलं तरी होतं.

पण दुसऱ्या दिवशी काय केलं तेही सांगते. बत्तीस आणि तेहतीस नंबरची पुस्तकं मी त्याच दुसऱ्या पानावरून भरली. माझ्या हातानं. क्वायट अँड ओबिडियंट. हात सवयीचा असल्यासारखा चालला, अक्षरही छान आलं. चौतीस उघडलं. सृष्टी. पेन टेकवलं आणि सरकेना.

मग मी मागं गेले. बत्तीस, तेहतीस, दोन्हींवर स्वतः व्हाइटनर लावला आणि पुन्हा लिहिलं. बत्तीस नंबरचा मुलगा चित्रं काढतो, पण माणसांना डोळे काढत नाही, विचारलं तर म्हणतो ते झोपलेत. ते लिहिलं. तेहतीसची मुलगी खोटं बोलत नाही, मार बसला तरी. ते लिहिलं. सृष्टीला लिहिलं, क्युरियस अँड फिअरलेस. जो प्रश्न विचारायला बाकीचे भितात तो ही विचारते. बत्तीस ते चाळीस, नऊ पुस्तकं. एकेका लेकराला आठवून, बघून. एवढं अवघड लिखाण मी परीक्षेतही केलं नाही.

संध्याकाळी केबिनमध्ये बोलावणं आलं. नऊही पुस्तकं टेबलावर. शेजारी व्हाइटनर.

"हे काय आहे?"

मी वरचं पुस्तक सरळ केलं.

"बेटा, तू अजून लहान आहेस. मागं एका मॅडमनी असंच मनानं लिहिलं होतं. डॉक्टरीणबाई इथं येऊन बसल्या. म्हणाल्या, त्या पोरीला ब्राइट आणि आमच्याला नुसतं गुड? मी काय उत्तर देऊ त्यांना?" मग आवाज खाली आणून, समजावल्यासारखं, "आणि तू एवढं लिहिलंस ते वाचणार कोण? ह्यांच्या आईबापांना ए-बी-सी-डी तरी येते का?"

वाचणार कोण. ते वाक्य नवीन नव्हतं. मी चौथीत असताना माझ्याच मनात आलेलं होतं ते. आबांपुढं वही धरून.

"घे. पाच मिनिटांचं काम आहे."

व्हाइटनर माझ्यासमोर सरकला.

"मी लावणार नाही, मॅडम."

आवाज इतका बारीक आला की त्यांनी "काय?" म्हणून विचारलं. पुन्हा म्हणावं लागलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं असं वाटलं. मग स्वतःच व्हाइटनर उघडला आणि नऊ पुस्तकांवर लावला. फुंकर मारून मारून वाळवला. वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं. सगळ्यांना तीच ओळ. मला तिथंच उभं ठेवलं. मी बघत राहिले. हिसकावून घ्यायला हवं होतं. मी घेतलं नाही.

शनिवारी पालकांना बोलावलं होतं. पालक लेकरांच्या बाकांवर बसतात, गुडघे वर येतात त्यांचे. नंबर बत्तीसपासूनचे पालक कोपऱ्यात उभेच राहतात. ते येतात, "पास हाय का?" विचारतात, सही करतात, जातात. माझे आबाही तसेच यायचे.

सृष्टीची आई हळदीच्या काढणीवरून तशीच आली होती. हात पदराखाली.

"पास हाय का मॅडम?"

"पास आहे." पेन पुढं करायचं होतं. केलं नाही. "ताई, बसा. इथं काय लिहिलंय ते वाचून दाखवू?"

"दाखवा की."

मी इंग्रजी वाचलं. मग मराठीत सांगितलं. "शांत मुलगी आहे. सांगितलं ते निमूट ऐकते."

ती बाई हसायलाच लागली. "ही? मॅडम, दुसऱ्या कुनाचं आसंल हे. बघा बरं नीट. हिला गप बस म्हनून म्हनून माझं नरडं बसलं."

"तिचंच आहे. पण मी हे लिहिलं नव्हतं. मी लिहिलेलं ह्या पांढऱ्याच्या खाली आहे."

तिनं पदराखालचा हात काढला. पिवळा, भेगा पडलेला. नखानं ती पांढरं खरवडू लागली. थोडं निघालं. माझी अर्धी ओळ दिसली. तिला वाचता येत नव्हती, तरी ती खरवडत राहिली. बाकांवरचे पालक वळून बघायला लागले. मोठ्या मॅडम आल्या.

"काय चाललंय?"

सृष्टी आईला चिकटून उभी होती. तिनंच विचारलं. "मॅडम, कोणी पुसलं?"

"इंकची मिस्टेक होती बेटा."

"मिस्टेक नव्हती," मी म्हणाले.

ह्या वेळी आवाज बारीक आला नाही. अख्ख्या वर्गात गेला. टेबल धरलं होतं मी. दोन कागद ड्रॉवरमध्ये होते. काढले. पहिलं पान वाचलं, मराठी करून. दुसरं पान वाचलं, मराठी करून. कुणाला कुठलं पान ते सांगितलं. बस्स. भाषण केलं नाही. मला येत नाही.

टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत. कृषी केंद्रवाले, त्यांचा धाकटा आता माझ्या वर्गात होता, उठून बाहेर गेले. कोपऱ्यातला एक बाप माझ्याजवळ आला, हात जोडून म्हणाला, "जाऊ द्या मॅडम. लेकराचं नाव काढतील शाळेतून." सृष्टीच्या आईनं पुस्तक ब्लाउजमध्ये खोचलं. दारापाशी थांबली. "आता हिला तकलीफ तर न्हाई ना देनार हे लोक?"

 

केबिनमध्ये मॅडम एवढंच म्हणाल्या, "सोमवारपासून येऊ नकोस." जाता जाता पुढं म्हणाल्या, "तू शांत होतीस म्हणून घेतलं होतं."

घरी आले तेव्हा दुपार होती. आबा जेवायला आले होते, भाकरी मोडत होते.

"आज लवकर?"

सांगितलं सगळं. ते जेवत जेवत ऐकत होते. मग मी पेटी उघडली. प्लॅस्टिकची पिशवी काढली. वही काढली. पान पिवळं पडलं होतं, अंगठ्याचा ठसा मात्र उडाला होता जवळजवळ. पेटीत ऊन लागत नाही, तरी उडाला.

"आबा, हे मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं."

मी वाचलं. आधी इंग्रजी. मग मराठी. मी घाणेरडी मुलगी आहे. माझा शर्ट पिवळा आहे. मी फुकटातली विद्यार्थिनी आहे. दहाही वाचली. एक शब्द गोड केला नाही.

आबांचा हात ताटात थांबला होता.

"आन् ह्या खुना? हे लाल?"

"बरोबर आहे म्हणून."

"बाईनं बराबर म्हनलं हे?"

"व्हय."

आई चुलीपाशी उठून उभी राहिली होती. आबा शिव्या देतील असं वाटलं. मिसला, शाळेला. त्यांनी दिल्या नाहीत.

"मी हे साऱ्या शेडवर दाखवलं व्हतं," ते म्हणाले. "तिथं धा पोरं इंग्रजी शिकलेली व्हती. मालकाचा पोरगा व्हता. त्येनं वाचलं आसंल."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मंग तू काहून खोटं सांगितलं मला?"

मी काय सांगणार? लाज वाटली म्हणून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरत नाही. मी खोटं सांगितलं कारण ते सांगता येत होतं. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं म्हणून. शाळाही त्याच जोरावर चालते.

आबांनी ताटात हात धुतला. अर्धी भाकरी तशीच राहिली. ते बॉयलरवर निघाले. माझ्याकडे न बघता. चौकटीतून म्हणाले, "त्या नऊ लेकरांची घरं कुठंशी हायत?"

"साखऱ्याला चार. बाकी पुसेगावच्या बाजूला."

"जाशील?"

"जाईन."

"मंग ही वही बी ने. आधी ही वाच त्यायच्याम्होरं. मंग त्यायची."

उद्या रविवार आहे. साखऱ्याची पहिली बस सातची. पिशवीत वही आहे आणि ती दोन पानं आहेत. मॅडमना ती परत दिलेली नाहीत, देणारही नाही. नऊच्या नऊ घरी जाईन. पुस्तक मागेन, जे लिहिलंय ते वाचेन, आणि जे पुसलं ते मला पाठ आहे, तेही सांगेन. काही जण दार उघडणार नाहीत. काही जण म्हणतील, जाऊ द्या बाई. तरी वाचेन, दारात उभी राहून. पुढच्या एप्रिलला त्या शाळेत पुन्हा पुस्तकं वाटतील तेव्हा मी फाटकाबाहेर उभी असेन, आणि बत्तीसपासूनचं प्रत्येक पुस्तक हातात घेईन.

आता कुणाच्याही आईबापाला मी खोटं वाचून दाखवणार नाही. आणि कुणाला दाखवूही देणार नाही.